बल, गती, ऊर्जा आणि लहरी: शिकवणीत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवताना दरवर्षी त्याच ठिकाणी हात वर होतात. हल्ली पालकही विचारतात. ते प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे मांडली आहेत. सूत्रं पाठ्यपुस्तकात आहेतच. मी आग्रह धरतो तो एका सवयीचा: कोणतीही गोष्ट ऐकली की "किती?" असं विचारायचं आणि वहीच्या कोपऱ्यात आकडा काढून बघायचा. पदार्थविज्ञानातले निम्मे गैरसमज त्या एका आकड्याने सुटतात.

जोर, बल, ताकद, शक्ती, ऊर्जा: सगळं एकच ना?

बोलण्यात एकच, पदार्थविज्ञानात तीन वेगळ्या गोष्टी. ५० किलोचं तांदळाचं पोतं तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे साधारण १० मीटर वर न्यायचं आहे असं समजा. पोतं पेलून धरायला सुमारे ४९० न्यूटन लागतात. हे झालं बल. एक न्यूटन म्हणजे शंभर ग्रॅमचा बटाटा तळहातावर ठेवला की जाणवतो जवळपास तेवढा भार. पोतं वर पोचेपर्यंत त्यात ४९०० ज्यूल जमा होतात. ही झाली ऊर्जा. हमालदादांनी ते एका मिनिटात नेलं तर पोत्यासाठी त्यांची शक्ती सुमारे ८२ वॅट, आणि वीस सेकंदांत नेलं तर २४५ वॅट. बल तेच, ऊर्जा तीच. बदलली ती फक्त शक्ती, कारण शक्ती म्हणजे ऊर्जा देण्याचा दर.

आपल्या भाषेने इथे थोडा घोळ घालून ठेवला आहे. 'घोडाशक्ती' बरोबर आहे, ती खरोखरच शक्ती आहे, सुमारे ७४६ वॅट. 'अणुशक्ती' म्हणताना मात्र आपल्या मनात असते ऊर्जा. गोंधळ वाटला की एकक बघा: न्यूटन असेल तर बल, ज्यूल असेल तर ऊर्जा, वॅट असेल तर शक्ती.

गती टिकवायला सतत बल लावावं लागतं ना? सायकलचे पायडल थांबवले की ती थांबतेच की.

थांबते, कारण तिला थांबवणारं कुणीतरी हजर असतं: टायरमध्ये, बेअरिंगमध्ये आणि हवेत. कॅरमच्या बोर्डावर पावडर टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर तोच स्ट्रायकर तितक्याच जोराने मारून बघा. पावडरीने स्ट्रायकरला पुढे ढकललं नाही, तिने घर्षण कमी केलं. घर्षण शून्यावर आणता आलं असतं तर स्ट्रायकर कडेला आदळेपर्यंत त्याच वेगाने गेला असता. न्यूटनने १६८७ साली छापलेला पहिला नियम हाच. १९७७ मध्ये सोडलेली दोन्ही व्हॉयेजर यानं आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहेत, आणि त्यांना पुढे ढकलणारं इंजिन चालू नाही.

बल लागतं ते वेग बदलायला. वाढवायला, कमी करायला किंवा नुसती दिशा वळवायलासुद्धा.

लोकल सुटताना मला मागे कोण ढकलतं?

कुणीच नाही. डबा पुढे निघतो, डब्याला टेकलेले पायही निघतात, वरचं शरीर मात्र आधीच्याच स्थितीत राहू पाहतं. ब्रेक लागला की याच्या उलट. उभं राहताना पाय गाडीच्या दिशेने पुढे-मागे ठेवले की तोल सावरतो. रोज प्रवास करणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

बैल गाडीला ओढतो तेवढ्याच बळाने गाडी बैलाला मागे ओढते. मग गाडी हलते कशी?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. तो विचारणाऱ्याला तिसरा नियम खरोखर टोचलेला असतो. नुसता पाठ करणाऱ्याला ही शंका येतच नाही.

गुंता इथे आहे: ती दोन समान बलं दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात. त्यांची वजाबाकी करून शून्य काढता येत नाही, कारण एकाच वस्तूवरची बलंच एकमेकांना छेद देऊ शकतात. मग फक्त गाडीकडे बघा. तिला पुढे ओढतं जू, मागे धरतं चाकांचं घर्षण. जू भारी पडलं की गाडी निघते. आता फक्त बैलाकडे बघा. त्याला गाडी मागे खेचते. मग पुढे कोण ढकलतं? जमीन. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला तितक्याच बळाने पुढे रेटते.

म्हणून चिखलात बैल ताकदवान असूनही गाडी निघत नाही. बैलाचं बळ कमी झालेलं नसतं, खुराखाली रेटायला काही उरलेलं नसतं. शेतकऱ्याला हे नियम वाचण्याआधीपासून माहीत आहे, म्हणूनच तो चाकाखाली दगड आणि पायाखाली पाचट टाकतो.

भोर घाटात रेल्वेगाडीला मागून जादा इंजिनं का लावतात? पुढेच एक मोठं इंजिन लावलं तर?

१८६३ मध्ये खुल्या झालेल्या या घाटात रूळ ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर चढतात. मोटारीला हा चढ काहीच नाही. रेल्वेला तो भयंकर आहे. कर्जतला गाडीच्या मागे इंजिनं जोडली जाताना बसणारा धक्का पुणे-मुंबई करणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. त्या इंजिनांना रेल्वेची माणसं 'बँकर' म्हणतात.

हिशोब करू. इंजिन धरून हजार टनांची गाडी समजा. ३७ला १ या चढावर तिच्या वजनाचा सदतिसावा भाग तिला उतारावरून मागे ओढत असतो: २७ टनांचा भार, म्हणजे सुमारे २ लाख ६५ हजार न्यूटन. वळणांचा आणि बेअरिंगचा विरोध वेगळाच. १२० टनांच्या एका इंजिनाची चाकं न घसरता किती ओढू शकतील? इथे चिखलातला बैल पुन्हा भेटतो. इंजिनालाही रूळ मागे रेटूनच पुढे जायचं असतं, आणि पोलादावर पोलाद मुळात गुळगुळीत. पावसात रूळ ओले असताना घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर मिळतात जेमतेम २ लाख ३५ हजार न्यूटन. त्यापुढे मोटर कितीही दणकट असो, चाकं जागच्या जागी फिरतील. म्हणून इंजिनांत रुळावर वाळू सोडायची सोय असते, आणि म्हणूनच एका इंजिनाची शक्ती वाढवण्यापेक्षा रुळाला धरणारी चाकं वाढवणं उपयोगाचं ठरतं.

ती चाकं मागेच का? सगळी ओढ पुढूनच दिली तर पहिल्या दोन डब्यांमधल्या जोडणीला मागच्या अख्ख्या गाडीचा ताण सोसावा लागेल. मागून रेटा दिला की ताण वाटला जातो. शिवाय एखादी जोडणी तुटलीच, तर सुटलेले डबे घाटात मागे पळत नाहीत. मागे इंजिन उभं असतं.

आणि ऊर्जा? कर्जत ते लोणावळा चढाई साडेपाचशे मीटरहून अधिक. हजार टन तेवढे वर न्यायला निव्वळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १५०० युनिट वीज लागते. एका मध्यमवर्गीय घराचं कित्येक महिन्यांचं बिल. ती वाया जात नाही, उंचीच्या रूपात साठते. उतरताना तीच ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उडून जाऊ शकते, किंवा नव्या विद्युत इंजिनांत मोटरच जनित्रासारखी चालवून तिचा काही भाग वरच्या तारेत परत सोडता येतो.

वजन किलोत सांगणं चूक आहे का?

वाण्याकडे नाही, परीक्षेत हो. किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आहे, म्हणजे वस्तूत द्रव्य किती ते. वजन म्हणजे पृथ्वी तिला किती बळाने ओढते ते, आणि ते न्यूटनमध्ये. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम लँडर चंद्रावर उतरला तेव्हा चंद्रावर असल्यामुळे त्याचं वस्तुमान बदललं नाही, वजन मात्र पृथ्वीवर असतं त्याच्या सहाव्या हिश्शाएवढं होतं.

यातूनच दुसरा प्रश्न निघतो: अंतराळ स्थानकात माणसं तरंगतात म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण नाही का? आहे, भरपूर आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं. स्थानक आणि माणसं दोन्ही एकत्र पडत असतात, फक्त सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने आडवी जात असल्याने पृथ्वीवर न आदळता तिच्याभोवती पडत राहतात. पायाखालची जमीनही तुमच्याबरोबर पडत असेल तर ती तुम्हाला वर रेटणार कशी?

वेग दुप्पट केला तर गाडी थांबायला अंतरही दुप्पट लागेल ना?

नाही, चौपट. हे उत्तर मी प्रत्येक वर्गात दोनदा सांगतो, कारण यातली मुलं दोन वर्षांत गाडी चालवायला लागणार असतात.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ती सगळी ब्रेकला घर्षणातून संपवायची असते. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ब्रेक पूर्ण लागल्यापासून ताशी ३० किलोमीटरला सुमारे ५ मीटर, ६० ला २०, ९० ला ४५ मीटर. ब्रेक दाबायचं डोक्यात येईपर्यंत जो सेकंद जातो त्यात ६० च्या वेगाने आणखी १७ मीटर निघून गेलेले असतात, ते यात धरलेले नाहीत. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून जो राप तयार होतो, त्यावर ही अंतरं सहज दीडपट-दुप्पट होतात.

आकडा आणखी जवळून हवा असेल तर असा बघा. ताशी ६० किलोमीटर हा वेग १४ मीटर उंचीवरून पडल्यावर येतो तेवढा आहे. चार-पाच मजले. गच्चीच्या कठड्यावर उभं राहताना जी भीती वाटते ती दुचाकीवर वाटत नाही, कारण डोळ्यांना उंची दिसते, वेगाची ऊर्जा दिसत नाही.

हेल्मेट काय करतं? थांबायला जागा देतं. झेल घेताना आपण हात मागे नेतो, त्याचंच हे रूप. १६० ग्रॅमचा लेदर बॉल सेकंदाला ३० मीटर वेगाने येतोय. तो शंभराव्या हिश्शाच्या सेकंदात थांबवला तर हातावर सरासरी ४८० न्यूटन, आणि हात मागे नेत दहाव्या हिश्शाच्या सेकंदात थांबवला तर फक्त ४८. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर दबतो तेव्हा डोक्याला थांबायला ते दोन-तीन सेंटिमीटर मिळतात. तो थर एकदा दबला की परत फुगत नाही. जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं, ते यासाठी.

भिंत ढकलून मी घामाघूम झालो तरी पुस्तक म्हणतं कार्य शून्य. हा अन्याय नाही का?

भिंतीवर झालेलं कार्य शून्य आहे, कारण भिंत हललीच नाही. तुमच्या शरीरात मात्र स्नायूंचे तंतू सतत आखडत आणि सैल होत होते, त्यांनी खरोखर ऊर्जा खर्च केली आणि तिची उष्णता झाली. घाम त्याचाच. दोन्ही विधानं खरी आहेत, ती वेगळ्या वस्तूंबद्दल आहेत.

बिलावरचं एक युनिट म्हणजे नेमकी किती वीज?

एक किलोवॅट तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. ७५ वॅटचा जुना पंखा त्यात तेरा तासांहून थोडा जास्त चालतो.

हा आकडा किती मोठा आहे ते कळायला गच्चीवरची टाकी घ्या. हजार लिटर पाणी १० मीटर वर चढवायला ९८,००० ज्यूल लागतात. युनिटचा छत्तिसावा भागसुद्धा नाही. पंप आणि नळ्यांमध्ये निम्म्याहून जास्त ऊर्जा गेली असं धरलं तरी एका युनिटात टाकी कितीतरी वेळा भरेल. उलट दिशेने बघितलं तर मात्र पोटात गोळा येतो: टाकीतलं हजार लिटर पाणी खाली सोडून वीज करायची म्हटली तर तो पंखा वीस-बावीस मिनिटांच्या वर चालणार नाही.

म्हणून कोयनेला डोंगर लागतो. शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे वळवून पोफळीच्या भूमिगत वीजघरात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडतात. त्या उंचीवरून येणारं हजार लिटर पाणी कागदावर १.३ युनिट देतं. धरणाची साठवण १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), पण नुसता साठा एवढी वीज देत नाही. सह्याद्रीचा कडा कोकणाकडे सरळ तुटलेला आहे, ती उंची हा कोयनेचा खरा खजिना. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे.

ऊर्जा नष्ट होत नाही असं शिकवता, मग वाचवा असं का सांगता?

फार चांगला प्रश्न, आणि याला "विचारू नकोस" असं उत्तर मिळालेली मुलं मी पाहिली आहेत.

ऊर्जा टिकते, तिची उपयुक्तता टिकत नाही. पंख्याने घेतलेली सगळी वीज शेवटी खोलीतल्या हवेची आणि भिंतींची किंचित उष्णता होते. ज्यूल मोजले तर एकही हरवलेला नसतो. पण त्या विखुरलेल्या उबेवर पंखा पुन्हा चालवता येत नाही. पिठाची गोणी अंगणभर उधळली तर पीठ तेवढंच असतं, भाकरी मात्र होत नाही. आपण वाचवतो ती एका जागी गोळा झालेली, कामाला लावता येणारी ऊर्जा.

रेडिओच्या लहरी म्हणजे आवाजच ना?

नाही. आवाज म्हणजे हवेचं दबणं आणि सैल होणं, वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणून वीज चमकल्यावर गडगडाट तीन सेकंदांनी आला तर ती साधारण एक किलोमीटरवर पडलेली असते. रेडिओची लहर विद्युतचुंबकीय आहे. तिला हवा लागत नाही आणि निर्वातात तिचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर, प्रकाशाचाच. आकाशवाणी पुणे मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झ या वारंवारतेवर आहे. वेगाला वारंवारतेने भागा: तरंगलांबी जवळपास ३७९ मीटर. एफएमची लहर त्यामानाने तीन मीटरच्या आसपास. बातमी देणाऱ्याचा आवाज त्या लहरीवर स्वार होऊन येतो, रेडिओ संच तो उतरवून घेतो.

म्हणजे प्रकाश, वायफाय, क्ष-किरण सगळे एकाच जातीचे?

एकाच जातीचे, फरक तरंगलांबीचा. १८६० च्या दशकात मॅक्सवेलने समीकरणांवरून सांगितलं की प्रकाश ही विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची लहर आहे. १८८७ च्या सुमारास हर्ट्झने प्रयोगशाळेत रेडिओ लहरी निर्माण करून दाखवल्या. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये काही मिलिमीटर लांबीच्या लहरींचे जाहीर प्रयोग केले. त्या काळात इतक्या छोट्या लहरी हाताळणं ही विलक्षण गोष्ट होती, आणि आज ५जीच्या निमित्ताने जग त्याच मिलिमीटर लहरींकडे वळलं आहे.

मायक्रोवेव्हच्या दारातून आतलं दिसतं. मग लहरी बाहेर का येत नाहीत?

दारात धातूची भोकं असलेली जाळी असते. भोकं एक-दोन मिलिमीटरची, ओव्हनमधली लहर सुमारे १२ सेंटिमीटरची. आपल्या लांबीच्या मानाने फार बारीक भोकातून लहर जात नाही. तिच्या लेखी ती जाळी म्हणजे सलग पत्रा. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी, त्याला तीच भोकं दरवाजासारखी मोकळी.

याच तत्त्वावर जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत, म्हणजे जीएमआरटीत, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. पहिल्यांदा बघणारा विचारतोच, की ही तर नुसती तारेची जाळी, आरपार आभाळ दिसतंय! पण हायड्रोजनच्या अणूकडून येणारी रेडिओ लहर २१ सेंटिमीटरची असते, इतर बऱ्याच त्याहून लांब. त्यांच्यासाठी एक-दोन सेंटिमीटरची जाळी हा उत्तम आरसा. वारा मात्र जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. मी मुलांना तिथे घेऊन जातो तेव्हा मायक्रोवेव्हचं दार आठवायला सांगतो, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उजाडतं ते बघण्यासारखं असतं.

मोबाईल टॉवरचे 'किरण' क्ष-किरणांसारखेच घातक आहेत का?

तसे नाहीत, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. लहरीची ऊर्जा सुट्या पुडक्यांत येते, त्यांना फोटॉन म्हणतात. पुडक्याचा आकार वारंवारतेवर ठरतो. क्ष-किरणाचं एक पुडकं अणूतला इलेक्ट्रॉन उडवून पेशीतला डीएनए बिघडवू शकतं. मोबाईल लहरीचं पुडकं साध्या उजेडाच्या पुडक्यापेक्षाही लाखो पटींनी लहान. ते हे करू शकत नाही, आणि अशी कितीही पुडकी आली तरी ती प्रामुख्याने ऊब देतात. म्हणूनच मर्यादा ठरवली आहे ती शरीर ही ऊर्जा शोषतं त्या दरावर. भारतात मोबाईल फोनसाठी ती शरीराच्या दर किलोला १.६ वॅट आहे.

तरी एक नोंद प्रामाणिकपणे द्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कर्करोगाची शक्यता असू शकते' या गटात ठेवलं. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे असा होतो. काळजी करायचीच असेल तर टॉवरपेक्षा कानाला लावलेल्या फोनची करा. लहरीची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते, आणि रेंज कमी असली की फोन आपला जोर वाढवतो. लांब बोलायचं असेल तर इअरफोन लावा.

प्रकाशाचा वेग घरी मोजता येईल?

येईल, पापडावर. मायक्रोवेव्हमधली फिरती काचेची थाळी काढून ठेवा, खालचं फिरकणंही काढा, म्हणजे पापड फिरणार नाही. सपाट ताटलीत किंचित ओलसर केलेले पापड शेजारी शेजारी मांडा आणि थोडेच सेकंद चालवा. मोठ्या माणसाला जवळ ठेवा. पापड सगळीकडे सारखा भाजत नाही. जिथे लहरी एकमेकींना बळ देतात तिथे आधी फुलतो. शेजारच्या दोन फुललेल्या जागांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढं. नक्षी जरा वेडीवाकडी येते, म्हणून चार-पाच जोड्या मोजून सरासरी काढा. ती सहा सेंटिमीटरच्या जवळपास आली तर तरंगलांबी बारा. तिला ओव्हनच्या वारंवारतेने गुणा. मागच्या पट्टीवर २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. आमच्या वर्गात गेल्या वेळी सरासरी ६.३ सेंटिमीटर आली, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख ९ हजार किलोमीटर.